जळमटं राहू दिली, शिंजिराने घर बांधलं (बाल्कनीतली बाग आणि पाहुणे पक्षी)

ओसरी | ५ एप्रिल

कोथरूडला आमचा तिसरा मजला. बाल्कनी दहा फूट बाय चार फूट, तोंड पूर्वेला. सकाळी साडेअकरापर्यंत ऊन, मग सावली. लहानमोठ्या मिळून सव्वीस कुंड्या आहेत. आठ वर्षांपूर्वी तुळस, कोरफड आणि मनीप्लांटवर सुरुवात झाली होती. आज दोन जास्वंदी, अडुळसा, पानफुटी, अबोली, लिंबू, ड्रममधला कढीपत्ता आणि ग्रिलवर चढवलेली मधुमालती आहे. या धाग्यात झाडांपेक्षा पक्ष्यांबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण गेले दोन महिने मी त्यांच्यातच गुंतले आहे.

पहिली काही वर्षं माझी बाग चकाचक असायची. रविवारी सकाळी केरसुणी घेऊन ग्रिलच्या कोपऱ्यातली जळमटं काढायची, वाळकी फांदी दिसली की कापायची, पान कुरतडलेलं दिसलं की फवारणी करायची. फुलं भरपूर यायची. पक्षी मात्र यायचे, जास्वंदीत चोच घालायचे आणि निघून जायचे. दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चार महिने बागेला फक्त पाणी मिळालं. ग्रिलच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत कोळ्यांनी जाळी विणली, मधुमालतीच्या काही फांद्या वाळून लोंबायला लागल्या. मला ते बघवत नव्हतं. पण त्याच काळात खुर्चीत बसल्याबसल्या पहिल्यांदा दिसलं, की एक चिमुकला पक्षी फुलांकडे ढुंकूनही न बघता थेट कोपऱ्यातल्या जळमटाशी जातो, चोचीत तो पांढरा गुंता गोळा करतो आणि उडून जातो. ती जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी होती. पोट पिवळं, गळा राखट पांढरा, चोच बाकदार, आणि सगळा जीव आपल्या अंगठ्याएवढा.

तेव्हापासून ते दोन कोपरे मी झाडत नाही. दिवाळीतसुद्धा नाही. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, पण यंदा त्याच मला म्हणाल्या, "तिकडे हात लावू नकोस, ती येईल."

ती आली ११ फेब्रुवारीला. आधी मधुमालतीच्या वाळक्या फांदीच्या टोकाला जळमटाचे वेढे दिले. मग त्यावर बारीक काड्या, सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा, काय मिळेल ते चिकटवत गेली. वरून बघितलं तर फांदीला कचरा अडकलाय असंच वाटावं. हाच तर तिचा बचाव. आत शिरून ती छातीने दाबून गोल जागा करायची. आतलं अस्तर रुईच्या म्हाताऱ्यांचं. आमच्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर रुई आहे, तिथून ती एकेक म्हातारी आणत होती. नर जवळच्या तारेवर बसून ओरडायचा, तिच्याबरोबर जायचा-यायचा, पण काडी लावताना मला एकदाही दिसला नाही. २० तारखेला दारावर छोटंसं छज्जंही तयार झालं. लांबट पेरूएवढं घरटं, बाजूला दार.

मग चार-पाच दिवस कुणीच फिरकलं नाही. माझा जीव खालीवर. २६ फेब्रुवारीला बघते तर दारातून बाकदार चोच बाहेर आलेली! १३ मार्चला भरवणं सुरू झालं आणि ३० मार्चला सकाळी सव्वासातच्या सुमारास दोन पिल्लं एकापाठोपाठ बाहेर पडली. एक लिंबाच्या कुंडीत उतरलं, तिथे वीस मिनिटं बसलं, मग तेही गेलं.

या सहा-सात आठवड्यांत मी एक रविवार सकाळी सात ते आठ मोजदाद केली होती. तासाभरात एकोणीस खेपा. आणि प्रत्येक खेपेला चोचीत मध नाही, तर कोळी नाहीतर अळी! पिल्लांना वाढायला मांसच लागतं. म्हणजे मी इतकी वर्षं फवारणी करून त्यांचं दूधच सांडत होते. परतताना आईबाप चोचीत पिल्लांच्या विष्ठेची पांढरी पिशवी घेऊन जायचे, त्यामुळे खाली फरशीवर घाणही नाही.

तुमच्याकडे कोण कोण येतं? कुंडीत काय लावलंय? जरूर लिहा.

---

जुनी_कुंडी | ५ एप्रिल

फार सुंदर लिहिलंय ताई. छज्ज्याचं निरीक्षण अगदी बरोबर. आमच्याकडे याच शिंजिराने गेल्या वर्षी डोअरबेलच्या वायरला घरटं केलं होतं. दीड महिना बेल बंद ठेवून दारावर "कडी वाजवा" अशी चिठ्ठी लावली होती. कुरियरवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी पाळलं.

---

वरचा_मजला | ५ एप्रिल

वाचून हेवा वाटला. मी मुंबईत, चौदावा मजला. माझ्याकडे फक्त कबुतरं. कुंडीत माती भरली की त्यात येऊन बसतात, रोपं उपटतात, दोन काड्या टाकून अंडी घालतात. शेवटी जाळी लावली. आता शिंजीर वगैरे विसरायचं का?

---

ओसरी | ५ एप्रिल

@वरचा_मजला, अजिबात विसरू नका. माझ्या बहिणीकडे ठाण्याला दोन इंची चौकोनाची जाळी आहे. ती नीट ताणून लावलेली आहे, त्यामुळे शिंजीर, शिंपी आणि चष्मेवाला त्यातून आरामात आत-बाहेर करतात. कबुतर आणि कावळा बाहेर राहतात. फक्त जाळी सैल, लोंबती नको. सैल जाळीत पाय अडकतात, त्यामुळे महिन्यातून एकदा कडा तपासून घ्या.

---

पानवेल | ६ एप्रिल

कबुतरांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. बाल्कनीत दाणे टाकू नका, ही कळकळीची विनंती. २०२५ च्या जुलैत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं ठरलं आणि ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. श्रद्धेचा भाग समजू शकते, पण माझ्या वडिलांच्या फुप्फुसांना याच धुळीने त्रास झाला. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली की काही लोकांच्या फुप्फुसांना सूज येते, आणि वेळीच लक्षात आलं नाही तर ती कडक होत जातात. वडिलांच्या खोलीच्या खिडकीत वर्षानुवर्षं ज्वारी-बाजरी टाकली जायची. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

दाण्यांवर कबुतरं येतात. फुलं, किडे आणि पाणी यांवर बाकीचे सगळे येतात. मला तरी हा हिशेब असा कळला.

---

वैदर्भी | ६ एप्रिल

नागपूरकडून रामराम. आमच्याकडे फुलांचं कौतुक फेब्रुवारीपर्यंतच, नंतर सगळा मामला पाण्याचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पाण्याच्या भांड्यावर एका वेळी बुलबुल, साळुंकी, होला, दयाळ, सगळे जमतात आणि कुणी कुणाशी भांडत नाही.

भांडं कसं असावं तेवढं सांगतो. मातीचं पसरट परळ, खोली दोन इंच, मध्ये एक खडबडीत दगड. दगड अशासाठी की छोट्या पक्ष्याला पाय टेकायला जागा हवी आणि मधमाश्या बुडू नयेत. स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं भांडं उन्हात ठेवलं तर पाणी दुपारी चहाएवढं तापतं. परळ सावलीत, झाडाजवळ, पण मांजर दबा धरून बसेल अशा आडोशाला नको. पाणी रोज बदलायचं. उन्हाळ्यात डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज बदललं तर डेंग्यूची भीती नाही. आठवड्यातून दोनदा नारळाच्या शेंडीने घासायचं, साबण नको.

आणि कुंड्यांना मार्चपासूनच पालापाचोळ्याची जाड गादी करा. उसाचं पाचट मिळालं तर उत्तम. त्याखाली ओल टिकते, गांडुळं राहतात, आणि दयाळ तो पाला उलटापालटा करून किडे शोधतो. हा त्याचा उद्योग बघत माझा अर्धा तास कसा जातो कळत नाही.

---

किनारा | ७ एप्रिल

रत्नागिरीहून. आमच्याकडे अंगण आहे, तरी कुंड्याही आहेत, कारण चिरा फोडून झाड लावणं सगळीकडे जमत नाही. कुंडीतल्या अबोलीवर आणि शेजारच्या केळफुलावर लोटनचा सूर्यपक्षी येतो. तुमच्या शिंजिरासारखाच, पण चोच चांगली लांब आणि कोयत्यासारखी वळलेली.

दुसरी एक आठवण सांगतो. आजी नवरात्राच्या सुमारास नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी दारावर बांधायची. ती चिमण्यांनी खायची असंच ठरलेलं. महिनाभरात नुसत्या काड्या उरायच्या. "चिऊचं घर मेणाचं" ही गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे त्या लोंब्यांना उलट्या लटकलेल्या चिमण्याच असायच्या. मी आजही जुडी बांधतो. लोंब्यांना लटकून खावं लागतं, त्यामुळे त्यावर कबुतर येत नाही. शहरातल्या लोकांनी करून बघा. दसऱ्याच्या आधी बाजारात लोंब्यांची तोरणं येतात.

---

सावरी | ७ एप्रिल

वाचनखूण साठवली. एक प्रश्न, शिंजीर माझ्या जास्वंदीच्या फुलांना बुडाशी भोकं पाडतो. फुलात चोच घालायची सोडून हा काय प्रकार?

---

ओसरी | ७ एप्रिल

@सावरी, जास्वंदीचं फूल लांब आणि त्याची चोच आखूड, म्हणून तो बाहेरून देठाजवळ भोक पाडून मध ओढतो. फुलाला परागकणांचा फायदा होत नाही, पण तुमच्या झाडाचं काही बिघडत नाही. फूल तसंही एका दिवसाचं. देवपूजेला मी भोक नसलेली दोन फुलं सकाळी आधीच काढून ठेवते, उरलेली त्याची.

अडुळसा आणि पानफुटीवर मात्र तो समोरून पितो. पानफुटीला थंडीत कंदिलासारखी फुलं येतात, त्या दांड्याला लटकून एकेक कंदील तपासतो. अडुळसा बारा इंची कुंडीत छान होतो, मात्र फुलं संपली की छाटायला हवा. ज्यांना एकच झाड लावायचंय त्यांना मी अडुळसाच सांगेन. घरात खोकल्याला पानं मिळतात ते वेगळंच.

---

दूरदेशी | ८ एप्रिल

न्यू जर्सीहून लिहिते आहे. इथे शिंजीर नाही, गुंजनपक्षी आहे. लाल गळ्याचा हमिंगबर्ड एप्रिलच्या शेवटी दक्षिणेकडून येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत जातो. मी डेकवर टांगत्या कुंड्यांमध्ये लाल बी बाम लावलंय, शिवाय साखरपाण्याची बाटली टांगते. चार भाग पाणी, एक भाग साखर, रंग अजिबात नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी धुवावी लागते.

तुमचा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण तोही घरटं कोळ्याच्या जाळ्यानेच बांधतो! सुपारीएवढी वाटी, बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेले. जाळ्याचा धागा ताणला जातो, त्यामुळे पिल्लं मोठी होतील तशी वाटीही रुंदावते. दोन पक्ष्यांचं एकमेकांशी नातं नाही, एक अमेरिकेतला आणि एक आपल्याकडचा, पण घर बांधायला दोघांना कोळीच लागतो.

आईला सातारला अशी साखरपाण्याची बाटली पाठवू का?

---

जुनी_कुंडी | ८ एप्रिल

@दूरदेशी, नका पाठवू. आपल्याकडे बारा महिने काही ना काही फुललेलं असतं. आपल्या उन्हात साखरपाणी दिवसभरात आंबतं, बुरशी धरते. मुंग्या आणि गांधीलमाश्या येतात त्या वेगळ्याच. आईंना त्याऐवजी एक अडुळसा आणि एक तुती लावायला सांगा. तुती जुन्या ड्रममध्ये होते, छाटली की नवी फूट आणि फूट आली की फळं. बुलबुल, तांबट, कोकिळा, सगळ्यांची पंगत बसते. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळंही बुलबुलाला फार प्रिय. त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपं माझ्या इतर कुंड्यांत उगवतात, ती मी लोकांना वाटतो.

---

मोगरा_२ | ९ एप्रिल

फवारणी बंद केली तर पिठ्या ढेकणाचं काय करायचं? माझ्या जास्वंदीला नुसतं पांढरं झालंय.

---

ओसरी | ९ एप्रिल

@मोगरा_२, मीही त्यातून गेले आहे. पहिलं वर्ष अवघड गेलं, खोटं सांगणार नाही. एक जास्वंद गेलीच. मी काय करते ते सांगते. जास्त किडलेला शेंडा कापून पिशवीत बंद करून टाकायचा. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, तीन-चार दिवस ओळीने. तरी राहिलंच तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, तोही संध्याकाळी, फक्त तेवढ्याच फांदीवर, आणि फुलं असतील तर ती वाचवून. सरसकट फवारणी नाही. मुंग्यांवर लक्ष ठेवा, कारण पिठ्या ढेकणाच्या अंगातून निघणाऱ्या गोड रसासाठी त्या त्याची राखण करतात. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवून मुंग्यांची वाट बंद केली की चित्रांगी (लेडीबर्ड) किड्याची पोरं येऊन ढेकूण खातात.

लिंबावरच्या अळ्यांना मी हात लावत नाही. अर्ध्या शिंपी नेतो, अर्ध्यांची फुलपाखरं होतात.

---

वरचा_मजला | १० एप्रिल

ओसरीताई, मातीचं वजन किती धरावं? सोसायटीने विचारणा केली आहे.

---

वैदर्भी | १० एप्रिल

त्यांच्या आधी मीच सांगतो. ओल्या मातीची बारा इंची कुंडी सहज वीस-पंचवीस किलो भरते. बाल्कनीत मधोमध रांग लावू नका, भिंतीलगत ठेवा. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि तळाला विटांच्या तुकड्यांऐवजी नारळाच्या शेंड्या. वजन बरंच उतरतं. ग्रिलबाहेर कुंडी टांगू नका, खाली माणसं चालतात.

---

सावरी | १२ एप्रिल

मदत हवी आहे!! आत्ता बाल्कनीत बुलबुलाचं पिल्लू फरशीवर पडलंय. पिसं आहेत, शेपूट आखूड, उडता येत नाही. खोक्यात घालून पाणी पाजू का?

---

पानवेल | १२ एप्रिल

पाणी पाजू नका! चोचीत ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं. पिसं आहेत म्हणजे ते घरट्यातून नुकतंच उतरलेलं पिल्लू आहे, असं होणं स्वाभाविक आहे. अलगद उचलून दाट पानांच्या कुंडीत, फांदीवर बसवा आणि खोलीत जाऊन दार लावा. हात लावला तर आईबाप टाकून देतात हा गैरसमज आहे. तासभर लांबून बघा. जखम दिसली किंवा आईबाप आलेच नाहीत तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

---

सावरी | १२ एप्रिल

जास्वंदीत बसवलं. पंचवीस मिनिटांत आई हिरवी अळी घेऊन आली! बाप समोरच्या केबलवर आहे. माझे हात अजून थरथरताहेत. पानवेल, मनापासून आभार.

---

किनारा | १३ एप्रिल

फार बरं वाटलं वाचून.

---

मोगरा_२ | १५ एप्रिल

आमच्याकडे नर शिंजीर सकाळपासून खिडकीच्या काचेवर टोचा मारतोय. दमून बसतो, परत येतो. काय करू?

---

जुनी_कुंडी | १५ एप्रिल

काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतो. विणीच्या दिवसांत तो आपला इलाका सोडत नाही. काचेला बाहेरच्या बाजूने वर्तमानपत्र किंवा जुना पडदा लावा. आतून लावून उपयोग नाही, प्रतिबिंब तसंच राहतं. दोन-तीन आठवड्यांनी काढलं तरी चालेल.

---

वरचा_मजला | २ मे

सगळ्यांना सांगायला आलो. अडुळसा आणला, जाळी ताणून घेतली, वैदर्भींच्या सांगण्याप्रमाणे परळ ठेवलं. दहा दिवस काहीच नाही. आज सकाळी सहा वीसला परळाच्या कडेवर एक चष्मेवाला! डोळ्याभोवती पांढरी कड, अंग हिरवट पिवळं. दोन घोट प्यायला, आंघोळ केली आणि गेला. चौदाव्या मजल्यावर! बायकोला उठवेपर्यंत उडून गेला होता, पण दगड ओला होता तो तिला दाखवला.

---

वैदर्भी | २ मे

वा! आता पाणी चुकवू नका. तो परत येतो आणि येताना थवा आणतो.

---

पानवेल | ४ मे

एक विचारायचं राहिलं. पिल्लं उडाल्यावर घरटं काढून टाकायचं का? आमच्या सोसायटीत पावसाळ्याआधी साफसफाईला माणसं येतात आणि सगळं ओढून काढतात.

---

ओसरी | ४ मे

आत अंडी-पिल्लं असतील तर काढताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याला आणि अंड्यांना धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलं आहे. आमच्या सेक्रेटरींना मी तो उतारा छापून दिला, त्यांनी नोटीसबोर्डावर लावलासुद्धा. रिकामं घरटं काढलं तर चालतं, पण मी काढलेलं नाही. ती फांदी आहे तशीच आहे.

---

ओसरी | १९ जून

धागा वर आणते आहे. पहिले दोन पाऊस झाले. शिंजिराच्या जुन्या घरट्याचं छज्जं गळून पडलंय. आज दुपारी सव्वातीनला त्यावर हालचाल दिसली म्हणून वाकून पाहिलं, तर शिंपी! शेपटी उभी, डोक्यावर तांबूस टोपी. घरट्याच्या दारात चोच घालून आतली रुईची म्हातारी ओढून काढत होता. एकदा, दोनदा, मग भरल्या चोचीने खाली वांग्याच्या कुंडीकडे गेला. वांग्याची दोन मोठी पानं कडेला जवळ ओढलेली आहेत. त्यांना बारीक भोकं आहेत आणि भोकांतून पांढरे टाके दिसताहेत.

उद्यापासून त्या कुंडीला पाणी पेल्याने, बुडाशी.